पाच फूट

भिंतीला फीत लावून मी घराभोवती फिरतो.
पाच फूट. तेवढ्या पट्ट्यात जळणारं काही नको,
असं फॉर्म म्हणतो, आणि फॉर्मच्या वतीनं मी.

इमोजीन टकेट, वय एकोणऐंशी,
माझ्यामागून चालते, हातात झारी.
झारीत पाणी नाही. सवय आहे.
"पायपुसणंसुद्धा?"
पायपुसणंसुद्धा. काथ्याचं आहे.
त्यावर 'या, बसा' लिहिलेलं, अर्धं झिजलेलं.
ठिणगी वाचत बसत नाही, मी म्हणतो,
आणि आठवतं, या आठवड्यात हे वाक्य
मी तीन अंगणांत टाकून आलोय.

पन्हळीत पाइनच्या सुया, वाळून तांबूस.
शिडीवरून मूठभर काढून दाखवतो
पोराच्या डोक्यातली ऊ आईला दाखवावी तशी.
ती ओशाळते. शनिवारीच तर काढल्या,
म्हणजे तिनं नाही, वेस्लीचा पोरगा येतो, वीस डॉलर घेतो.
मी लिहून घेतो: झरोक्यांना जाळी,
तांदळाचा दाणा निसटणार नाही इतकी बारीक.
सरपण भिंतीपासून दूर.
कुंपण घराला भिडतं तिथला शेवटचा हातभर भाग लोखंडी.

"आणि हे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ज्युनिपर.
ऑर्विलनं लावलं, धाकटी गेली त्या वर्षी.
हे ती सांगते, पण झारीला सांगितल्यासारखं.
आमच्या धंद्यात या झाडाला हिरवं पेट्रोल म्हणतात.
तिच्यासमोर मी म्हणत नाही.
नुसती चौकटीत फुली मारतो.

मग ती हात लांब करते.
शेजारचा रिकामा प्लॉट: कमरेइतकं गवत,
दोन पडके ओक, गंजलेला ट्रेलर.
मालक फीनिक्सला. कर भरतो, येत नाही.
"वारा तिकडूनच येतो, मिस्टर बतिश्ता. त्याची फुली कुठे?"
त्याची चौकट नाही.
मी समासात लिहितो, शेजारी गवत.
समास कुणी वाचत नाही, हे मला माहीत आहे.

सप्टेंबरात तिचे फोटो आले, पावत्यांसकट.
खडी, सहाशे चाळीस. जाळी, दोनशे पंधरा.
झाड तोडणं, एकशे ऐंशी, खोड उचलून नेण्यासह.
शेवटच्या फोटोत खिडकीखाली ताजं पांढरट बुंधं
आणि कोपऱ्यात झारीची सावली.
सगळ्या फुल्या मी खोडल्या. शेरा लिहिला: उत्तम.
तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र तिला गेलं:
पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही,
परिसराचा जोखीम गुणांक अमुक दशांश तमुक.

मी फितीनं मोजतो. ते आभाळातून बघतात.
आभाळातून पाच फूट दिसत नाहीत.
आग एकीकडे, बंब भलतीकडे, एवढं मला कळतं;
पण पगार बंबवाल्यांचा आहे.

ऑक्टोबरात त्या रस्त्यानं जात होतो.
सकाळचे अकरा, वारा उठलेला.
ती फीनिक्सवाल्याच्या प्लॉटमध्ये, गुडघ्यांवर,
हातात ऑर्विलचा विळा.
मशीन का नाही, असं विचारणार होतो;
दहानंतर मशीन नको, पातं दगडावर घासलं की ठिणगी,
हे तिला मीच सांगितलेलं.
"ही जमीन तुमची नाही," मी कुंपणावरून म्हणालो.
"फोन केला होता त्याला. त्याला वाटलं, मी विकत घेतेय."
तिनं घाम पुसला. "किंमत सांगायला लागला."

आता विमा कुठला, मी विचारलं.
राज्याच्या योजनेतला, शेवटचा आसरा, तिप्पट हप्ता.
मग हे कशाला?
ती माझ्याकडे बघत राहिली,
पन्हळीतल्या सुयांकडे मी बघतो तशी.

साडेअकराला मला दुसरं घर होतं.
खिशातली फीत हाताला लागली, काढली नाही.
दाताळं कुंपणाला टेकलेलं होतं.
त्या दिवशीच्या तक्त्यात
अकरा ते एकची ओळ अजून कोरी आहे.