भोकरगव्हाण मालिका

मी रंग भरायचो. शेतात कधी गेलो नव्हतो.
नाशिकला, गंगापूर रोडवर, दुसऱ्या मजल्याच्या उत्तरेच्या खिडकीशी
माझं तिरपं टेबल,
त्यावर टाचण्यांनी ताणलेला दिंडोरी तालुका.

खड्डे खणायचा काळू बेंडकोळी,
त्यांत उतरायचे देवस्थळे साहेब,
माझ्यापर्यंत यायची पाकिटं. खाकी, सुतळीने बांधलेली,
वर शिसपेन्सिलीने खोली:
शून्य ते अठरा. अठरा ते बेचाळीस.
त्याखाली मुरूम.

रंगांच्या वहीत प्रत्येक चौकोनाशी एक भोक.
ओली चिमूट मागे धरायची, भोकातून बघायचं,
जुळला रंग की आकडा लिहायचा.
डोळे दुखायचे. काळ्यातही इतके काळे असतात
हे मला घरी कोणाला पटवता आलं नाही.

साहेब सांगत, पूर्वी प्रतबंदीचा कारकून यायचा,
सळई खुपसायचा: हातभर, दोन हात.
चुनखड निघाली, वजा. उतार आहे, वजा.
माती किती आण्यांची, एवढंच विचारायचा.
आपण तिला नाव द्यायला आलोय.
"नाव हाय की," बेंडकोळी म्हणाला, "चोपण."
साहेबांनी वहीत लिहिलं.
अहवालात ते नव्हतं.

सदुसष्टच्या मार्चात त्यांनी मला जीपमध्ये घातलं.
कादवेच्या अलीकडे, भोकरगव्हाण.
पुरुषभर खड्डा. मी शिडीने उतरलो
आणि जिला मी एका सपाट रंगात उरकत होतो
ती समोर भिंतीसारखी उभी:
घासलेल्या तव्यागत चकाकणारे तिचे काप,
खाली पांढऱ्या खड्यांवर आम्लाचा थेंब, फस्स,
आणि वरपासून पार माझ्या गुडघ्यापर्यंत आलेलं
हरळीचं एक मूळ, दोऱ्याएवढं.

वर काठावर एक बाई. ठकूबाई गांगोडे.
"कोण गेलं?" तिने विचारलं.
कोणी नाही, म्हणालो, माती बघतोय.
"ही नका नेऊ. चुलीला लावली की तडकते.
पांढरीतली न्या, गावातली."
मी पाकीट भरून घेतलं. साहेब हसले.
गावठाणाचा नमुना घेत नसतात,
नकाशावर ते कोरं सोडायचं, नियम आहे.

मालिकेला गावाचं नाव मिळालं.
भोकरगव्हाण: खोल, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी.
पुढं धरण झालं.
खात्यातून विचारणा आली, मूळ खड्डा आता पाण्याखाली,
नाव बदलावं का?
साहेबांनी एका ओळीत कळवलं, नको,
हीच माती तिकडे निफाडातही सापडते.

नातू म्हणतो, मालिका म्हणजे टीव्हीवरची ना?
म्हटलं, हो, हिचेही भाग होते. शून्य ते अठरा.

ते पाकीट अजून आहे, सुतळी कुजली.
सुधारित आवृत्तीत गावाची कोरी जागा
मीच भरली.
निळा, पातळ, दोन हात.
ब्रश कडेला नेताना हात हलला थोडा,
काठाबाहेर गेलेला तो ठिपका
छापून आला तसाच.