पासंग

माझ्या टेबलावर येणारे दगड
वर्तमानपत्रात गुंडाळून येत,
कुणाच्या रुमालात, कुणाच्या शाळेच्या डब्यात.
"रात्री पडला, मॅडम. हातात घेतला तेव्हा गरम होता."
मी लोहचुंबक लावायची, कड घासायची,
आणि जमेल तितक्या हळू सांगायची:
ही सातपूरच्या भट्टीतली मळी आहे.
चौतीस वर्षांत दोनशे अकरा माणसांना
मी आकाशातून खाली उतरवलं.

वडील पाथरवट. पंचवटीत दारोदार
पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत फिरायचे.
दगड घेताना आधी बोटाच्या पेरानं वाजवत,
कान लावत. म्हणत, फुटायच्या आधी तो सांगतो.
म्हसरूळच्या खाणीत कधी आत पोकळी निघे,
पांढऱ्या सुयांनी गच्च भरलेली.
ते चिडून बाजूला टाकत: किडका माल.
ती कीड मी ओच्यात भरून घरी आणायची.
पुढे कळलं, तिला नावं असतात,
स्कोलेसाइट, स्टिल्बाइट.
वडील म्हणाले, नावं ठेवून
त्यावर वाटण होतं का?

चुलते म्हणाले होते,
अहमदाबादला जाऊन काय करणार तू?
त्या लोकांच्या पासंगालाही पुरायची नाहीस.

गेले.
हिऱ्याच्या करवतीनं उल्का कापायला शिकले.
पाणी नाही, अल्कोहोल वापरायचं,
आतलं लोखंड ओल्या हातानंही गंजतं.
मिलिमीटरचे तीन शतांश उरेपर्यंत घासायचं:
त्याच्या अलीकडे अंधार, पलीकडे काहीच नाही.
मग काचेखालून प्रकाश सोडला की
राजगिऱ्याच्या लाडवासारखे गोल गोल दाणे,
दाणा न् दाणा एकेकाळचा थेंब,
सूर्याभोवती पाय ठेवायला
एकही जमीन नव्हती तेव्हाचा.
हात वडिलांचेच चालत होते.
फक्त आवाज नव्हता.

मंगळाची छायाचित्रं आली तेव्हा
सगळे श्वास धरून पाहत होते.
मी मोठ्यानं म्हणाले, म्हसरूळ!
हसले सगळे. मग मी बावीस पानं लिहिली,
लाव्ह्याचे थर, थंड होण्याचा वेग,
त्यात म्हसरूळ तीनदा आहे, तळटीपांत.
वाचून दाखवायला वडील राहिले नव्हते.

दोनशे बारावा दगड कुणी आणला नाही.
निवृत्त होऊन परतले होते,
बुधवारच्या बाजारात, गंगाघाटावर
मेथीची जुडी हातात धरून उभी होते.
ठकूबाई लिलके वांगी तोलत होती.
तिच्या तराजूच्या एका पारड्याखाली
सुतळीनं बांधलेला लिंबाएवढा दगड.
काळी साल. अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे.
एक टवका उडालेला, आत चमचमते कण.
सवयीनं पर्समधलं लोहचुंबक काढलं,
ते माझ्या हाताआधी तिकडे गेलं.

"सासऱ्याला रानात सापडला.
वीस वर्षं झाली, पासंगाला आहे."
विकत द्या म्हटलं. आकडा सांगितला,
मग त्याहून मोठा आकडा सांगितला.
ती वांग्यांवर पाणी शिंपडत राहिली.
"पैसे घेईन की. पण आत्ता तराजू कलेल त्याचं काय?
गिऱ्हाईक म्हणेल, म्हातारी मापात मारते."

मी रिक्षा करून घरी गेले.
मोडक्या वरवंट्याचा तुकडा होता, वडिलांचा,
आणि फडक्यात बांधलेली टाकी-हातोडी.
घाटावर मांडी घालून बसले.
साडेचारशे कोटी वर्षांच्या जागी
साडेसहा कोटी वर्षांचा दगड बसवायचा होता,
वजन तेवढंच हवं.
पहिला घाव चुकला, बोटावर आला.
दुसऱ्याला आवाज आला, तो.
शेजारची कोथिंबीरवाली मान वळवून बघू लागली.

सुतळी बांधली. पारडी हलली, हलत राहिली,
थांबल्यासारखी झाली.
मी वर पाहिलं.
ठकूबाईनं एक डोळा मिटला,
काट्याकडे बघितलं बराच वेळ,
म्हणाली,
"अजून एक टवका काढ."