पाणी दिले

कॅम्पातल्या थिएटरात रविवारी सकाळी इंग्रजी खेळ.
काकाला तिकीट लागायचं नाही.
हवालदार गेनबा खरमाटे, बक्कल नंबर सातशे बारा,
शेवटच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर,
शेजारी मी, पाय जमिनीला न पोचणारा.

पानशेतच्या पुराला दोन वर्षं झाली होती,
बापाला तीन.
मंडईत, गाळ्याच्या भांडणात, विळ्यानं.

पडद्यावर काळं-पांढरं वाळवंट,
छातीला पत्र्याची चांदणी लावलेला मार्शल,
आणि त्याच्या भावाला मारणारे तिघं.
इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नव्हतं.
घोडा थांबला की कळायचं, आता कुणीतरी मरतंय.

काका कुजबुजायचा, "पंच कुठायत?
आणि मढं कुणाला विचारून हलवलं?"
पुढचा म्हातारा पारशी वळून श्शू करायचा.
तिसरा पडला तेव्हा मी खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटल्या.
काकानं दंडाला धरून खाली बसवलं.
बोट उमटलेली, संध्याकाळपर्यंत.

मग बनमस्का. मग सायकलच्या दांड्यावर मी.
मालधक्क्यापाशी समोरून नामा वाल्हेकर,
साक्षीदार फुटले म्हणून सुटलेला,
कॅरियरवर गवताचा भारा.
मी श्वास धरला. रस्ता रिकामा होता, ऊन बरोबर डोक्यावर,
सगळं पिच्चरसारखं.
काकानं घंटी वाजवली,
कुणालाही वाजवतात तशी, बाजूला हो म्हणून.

त्या दिवसापासून मी त्याला भित्रा म्हणत आलो.
तोंडावर नाही. पण त्याला ऐकू जात असणार.
आईनं तर त्याला कपबशीतून चहा देणंच सोडलं होतं,
पेल्यात द्यायची.

तो गेल्यावर चौकीची जुनी दप्तरं रद्दीत निघाली.
कारकून ओळखीचा, त्यानं एक पान काढून दिलं.
बापाच्या तेराव्याआधीची रात्र.
ड्यूटी कुणी लावली कुणास ठाऊक.
पहाऱ्यावर एकटा काका, कोठडीत एकटा नामा,
किल्ल्या काकाच्या कमरेला.

दोन वाजून दहा मिनिटे. आरोपी शांत.
दोन चाळीस. आरोपी रडतो.
दोन पंचावन्न. पाणी मागतो.
साडेचार. पाणी दिले. पहारा बरोबर.

मधल्या दीड तासाची नोंद नाही.
तिथं नुसतं टाकाचं टोक रुतून
कागदाला भोक पडलंय.
उजेडात धरलं तर त्यातून
मागच्या पानाची तारीख दिसते.