बिन नंबर सतरा

उद्यमबागेत सहाच्या भोंग्यानंतर
मी स्टोअरची जाळी ओढतो, कुलूप दोनदा हलवून बघतो,
आणि साडेनऊला अनगोळच्या खोलीत
दुसरं स्टोअर उघडतो.

तिथं अठ्ठेचाळीस कप्पे.
एकोणपन्नासावा मिळत नाही, कितीही राक्षस मारा.
कशात काय, मला पाठ:
राखेचं मलम एकवीस,
मुक्या घंटेची जीभ एक,
आणि तीन कुप्या पहाटरस,
मेलेल्याला उठवणारा, साऱ्या खेळात तीनच.

तलवार गंजकी वापरतो. चांगली आहे, पण ती झिजते.
पहाटरस काढावा अशी वेळ
किती वेळा आली: दलदलीत, पुलावर,
दोन तोंडांच्या त्या म्हशीपुढं.
मेलो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा मेलो.
कुपी फोडली नाही.
याहून वाईट वेळ येणार असं वाटत राहतं.
वाईट वेळेवर माझा फार विश्वास.

जमिनीवर नवीन काही चमकतं
आणि अक्षरं येतात: पिशवी भरली आहे.
मग मी तिथंच धुक्यात उभा राहून
काय टाकायचं ते ठरवतो.
मागून कोण येतंय बघत नाही.
एकदा अर्धा तास गेला,
बेडकाची कातडी की तुटका कंदील.
दोन्ही निरुपयोगी. दोन्ही दुर्मिळ.

दिवसा हेच काम पगार घेऊन करतो.
'जुनं मोडकं जमा करा, मग नवं ड्रिल.'
पाटीच लावलीय, मराठीत आणि कन्नडात.
कन्नड अक्षरं बसलिंगानं रंगवून दिली
आणि पहिला तोच अडकला त्यांत.

त्याला हवा होता बिन नंबर सतरामधला कटर.
जर्मन, कार्बाइडचा, एकच.
आधीच्या स्टोअरकीपरनं, धाकलू गावड्यानं,
चार्ज देताना मेणकागदासकट
माझ्या तळहातावर ठेवलेला:
'हा देऊ नकोस. लागंल कधीतरी.'
बसलिंग जाळीत बोटं अडकवून उभा.
'हुबळीची ऑर्डर आहे रे, एक दिवस कोडो.'
मी म्हटलं, 'इल्ला.'
माझं कन्नड थोडंच, पण हा शब्द चटकन येतो.

तो साध्या कटरनं लढला. चार मोडले.
कड खरबरीत आली, माल परत आला,
मला कोणी काही बोललं नाही.
रजिस्टरमध्ये बिन सतरा: शिल्लक एक.
शिल्लक बरोबर होती.

मार्चमध्ये ते मशीनच भंगारात निघालं.
नव्याच्या तोंडात हा दांडा बसत नाही.
मी लावून बघितला, संध्याकाळी, कोणी नसताना.

त्याच आठवड्यात येळ्ळूरहून भाचा आला, साईराज.
'काय करालास मामा? दे की, मी बघतो.'
दलदलीत पहिल्याच डासानं त्याला मारलं
आणि त्यानं सरळ
पहाटरस.
मी ओरडलो ते खाली घरमालकांना ऐकू गेलं असणार.
पोरगं दचकलं.
'तीन हायत की,' म्हणालं.

पडदा सोनेरी झाला.
त्याला आवाज असतो हे मला ठाऊकच नव्हतं,
ओल्या पितळी भांड्याच्या कडेवरून बोट फिरवावं तसा.
झाडं वाकतात.
आणि उठणारा उठण्याआधी हसतो.
चार वर्षं हे सगळं माझ्या पिशवीत होतं.

सकाळी जाळी उघडली, चहाबरोबर
बसलिंगाच्या हातात मेणकागदाची पुडी दिली.
त्यानं उलटीपालटी केली.
'आता काय करू याचं?'
'माहीत नाही.'
रजिस्टरमध्ये लिहिलं: दिला.
'कशासाठी' हा रकाना अजून कोरा आहे.

तो कटर त्याच्या टेबलावर असतो,
पंख्यानं जॉबकार्डं उडू नयेत म्हणून.

दोन कुप्या उरल्यात.
साईराज दिवाळीत येणार आहे.
पासवर्ड बदललाय.