तीव्रता: किरकोळ

माझं काम भिंतींवर आपटायचं.
खराडीत, सातव्या मजल्यावर, पडदे ओढलेले.
एकच दार मी चारशे वेळा उघडते
आणि चारशे एकाव्या वेळी ते उघडलं नाही
तर मला बरं वाटतं.

खेळते कुठे? खेळणारे वेगळे.
मी शिवण उसवून बघणारी:
कुठल्या दगडापाशी जमीन संपते,
छपरात अडकलेला माणूस पाय हलवत राहतो का.
ते लिहून पाठवायचं. कुठे, कसं, किती वेळा,
आणि शेवटच्या चौकटीत तीव्रता.

खालच्या मजल्यावर भोईटेकाका.
नावाने निवृत्ती, आता कामानेही.
छत्तीस वर्षं पर्वतीच्या पाण्यावर चावीवाले.
गुडघा बदलल्यावर नातवाने जुना कन्सोल आणून दिला,
मी आमचा खेळ दिला.
म्हटलं, राक्षस गडावर आहे, चाळीस तास लागतात.

आठ महिने झाले.
राक्षस तसाच बसून आहे.
वेशीवरची बाई रोज सांगते, त्वरा कर, वेळ थोडा उरला
(हे वाक्य आम्ही अकरा वेळा बदललं होतं,
ऐकणाऱ्याला घाई व्हावी म्हणून)
आणि काका मोठ्याने म्हणतात, हो बाई, आलोच,
नि नदीच्या कडेने उलटे चालू लागतात.

"उगम बघतोय," मला जिन्यात म्हणाले.
"एवढं पाणी, नि धरण कुठेच दिसेना."

तीन संध्याकाळी चालले. तलवार पाठीला.
लांडगा आडवा आला, त्याला वळसा घातला.

गुरुवारी, आमच्याकडे पाणी नसतं त्या दिवशी, फोन.
"पडलो मी."
मी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.
काका खुर्चीत धडधाकट. पडले होते ते नदीकाठच्या उंबरापाशी,
जमिनीतून आरपार.

पडद्यावर करडं पोकळ,
आणि वर, तळव्याकडून दिसणारी, आमची अख्खी दुनिया.
झाडांना मुळं नाहीत. घरांना पाया नाही.
गडाच्या पोटात काही नाही,
राक्षसाची पावलं तेवढी, फार लांब, जोड्यासारखी ठेवलेली.
आणि नदी. खालून. निळी पट्टी, जाडी शून्य,
हलत होती.

मी हे रोज बघते. मला याचा क्रमांक पाठ आहे.
काका मात्र पुढे सरकून बघत होते,
रस्ता खणल्यावर खड्ड्यात बघावं तसे.

"पाईप नाहीत."
"चित्र आहे, काका."
"व्हॉल्व्ह नाही, टाकी नाही, माणूस ठेवलेला नाही कुणी."
"नाही."

बराच वेळ गप्प.

"रात्री दोनला मी चावी फिरवायचो
तेव्हा तिकडे कसब्यात नळ खोकायचा.
त्या लोकांनाही असंच वाटत असणार.
पाणी काय, येतंच."

चहा झाला. खेळ बंद करू दिला नाही.
आता रोज दिवेलागणीला उंबरापाशी जातात,
मुद्दाम पडतात,
नि नदीखाली उभे राहतात.
कंट्रोलर मांडीवर, हात मोकळे.
काय बघता विचारलं, तर म्हणाले,
गळतंय का ते.

सोमवारी ऑफिसात फॉर्म उघडला.
ठिकाण: नदीकाठ, उंबर.
काय झालं: खेळाडू जगाखाली पडतो.
काय व्हायला हवं होतं:

इथे मी उठून पाणी पिऊन आले.

जगाला पडलेलं भोक आम्ही गंभीर म्हणून लिहितो,
दोन दिवसांत बुजतं.
मी किरकोळ निवडलं.
किरकोळ चुका आमच्याकडे वर्षानुवर्षं
उभ्या असतात, टँकर न आलेल्या गल्लीत
रांगेला लावून ठेवलेल्या
कळशांसारख्या.