आवाजाला बूड नाही

फोनवर म्हातारा एवढंच म्हणाला:
आवाज आहे. आवाजाला बूड नाही.
मी पत्ता लिहून घेतला. औलू, बंदरामागची इमारत, तिसरा मजला.
बाहेर उणे एकवीस, समुद्र परातीसारखा सपाट, पांढरा.

एइनो ह्युवारिनेन. तेहतीस वर्षं
बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या पोटात, इंजिनाशेजारी.
म्हणाला, कान गेले ते वरचे,
पाखरं, घड्याळ, नातवाची कुजबुज.
खालचे शाबूत आहेत.
खालचं मला पोटऱ्यांत ऐकू येतं.

मग त्यानं सिनेमा लावला.
पडद्यावर अख्खा डोंगर कोसळला
आणि खोलीत जणू कुणी वर्तमानपत्र चुरगाळलं.

आधी वायर तपासली. ठीक.
मागचं बटण. तेही ठीक.
मेनूत मात्र चारही स्पीकर ‘मोठे’ म्हणून नोंदलेले.
वीतभर डबडी ती, मोठेपणाचा आव आणून
सगळा खर्ज स्वतःच गिळत बसलेली,
पचत तर नव्हता.
त्यांना ‘लहान’ केलं. ऐंशी हर्ट्झच्या खालचं
ज्याचं त्याच्याकडे, सबवूफरकडे, जाऊ दिलं.
डाव्या स्पीकरची तांबडी वायर काळ्या खुंटीला होती,
उजवा ढकलायचा तेव्हा डावा ओढायचा,
किती दिवस चाललं होतं कोण जाणे.
सरळ केली.
डोंगर पुन्हा कोसळला.
एइनोनं मान हलवली. आडवी.

आता राहिला शेवटचा उपाय,
जो सांगताना मला दरवेळी ओशाळायला होतं.
सबवूफर तुमच्या खुर्चीत बसवू, म्हटलं,
आणि आपण रांगू.
त्यानं का म्हणून विचारलं नाही.
इंजिनवाल्यांचं हे बरं असतं.

वीस किलोंचा काळा ठोकळा खुर्चीत,
जावयासारखा,
आणि आम्ही दोघे गुडघ्यांवर, भिंतीकडेनं.
खोली म्हणजे हौदच. लाट भिंतीला धडकून परत फिरते,
येणारी-जाणारी कुठे गळ्यात पडतात आणि दुप्पट होतात,
कुठे एकमेकींना पुसून टाकतात.
सहा महिने ह्याची खुर्ची
नेमकी त्या पुसलेल्या जागी.

बुटांच्या फळीपाशी त्याचा तळहात थांबला.
मला ऐकू यायच्या आधी.
“निम्म्या वेगानं पुढे,” तो पुटपुटला,
मला नाही.

तेवढ्यात राइली आली, पापण्यांवर हिम,
हातात माशांची पिशवी.
काय हरवलं?
खर्ज, एइनो खालूनच म्हणाला.
हरवतोय कशाला, माझ्या कपाटात आहे, ती म्हणाली,
रोज रात्री नवाला बशा किणकिणतात,
सांगितलं तर म्हणतोस, आवाजच नाही.

कोपऱ्यातली जुनी जागा सोडून
ठोकळा बुटांपाशी मांडला.
ह्या वेळी डोंगर खरंच कोसळला,
काचेवरचं दव ओघळलं,
आणि एइनो डोळे मिटून असा बसला
की मी रिमोट तसाच त्याच्या मांडीवर ठेवला.

राइलीनं स्वयंपाकघरात कपाट उघडलं.
बराच वेळ उघडंच ठेवलं.
बशा गप्प.

मी बिल लिहीत होतो. दोष: वायर उलटी, जागा चुकीची.
तिनं कॉफीचा कप समोर ठेवला, आणि हळूच,
त्याचे वरचे कान गेलेत हे माहीत असूनही हळूच, विचारलं:
थोडासा इकडे येईल असं काही करता येतं का?
तो जागा आहे की डुलकी लागली
हे मला बशांवरून कळायचं.

कॉफी संपवली. कोट चढवला.
बूट घालायच्या निमित्तानं वाकलो
आणि ठोकळा चार बोटं भिंतीकडे सारला.
एइनोच्या लक्षात आलं नाही,
किंवा आलं.

आतून एक बशी बोलली.
एकच.