समासात

बिशप हाउसच्या मागच्या खोलीत
मंगळवारी धर्मन्यायालय बसतं.
काळे कोट नाहीत, पुकारा नाही.
तीन खुर्च्या, एक क्रूस, आणि मी, नोटरी.
बोललं जाईल ते, तसंच, टाइप करायचं.
पंख्यानं कागद उडतात,
म्हणून बायबल आधी शपथेला, मग वजनाला.

आज साक्षीला मुलीचे वडील.
लुकास पाटोळे, वय बहात्तर, राहणार परदेशीपुरा,
गिरणी बंद पडेपर्यंत जॉबर.
पिशवीत शेवेचा पुडा.
इंदूरचा माणूस, रिकाम्या हातानं कसा येणार;
पण न्यायालयात द्यावा की नाही, कळेना.

न्यायाधीश फादर म्हणाले,
काका, इथे आपण लग्न मोडत नाही.
देवानं जोडलेलं मोडायला आपण कोण?
मुळात जोडलं गेलं होतं का,
एवढंच बघायचंय.
काकांनी मान हलवली.
कापड फाटणं वेगळं,
आणि मागावर ताणाच न चढणं वेगळं,
हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"लग्नाआधी रेजिनाला काय म्हणालात?"
"पत्रिका वाटून झाल्यात म्हणालो.
नाही म्हणशील तर हे दार बंद,
आईच्या मयतीलाही येऊ नकोस.
तिची आई अंथरुणावर होती तेव्हा."
मी टाइप केलं.
स्वल्पविराम कुठे द्यावा, सुचेना.

मग बंधनरक्षक फादर उठले.
लग्नाच्या बाजूनं भांडणं, हेच त्यांचं काम.
कुणीतरी भांडायला हवं ना.
नवरा आलाच नव्हता, दोन रजिस्टर पत्रं परत.
"पण वेदीसमोर तिनं होय म्हटलं?"
"म्हटलं."
"मोठ्यानं?"
"मोठ्यानं. मी पहिल्या बाकावर होतो.
मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली ती."

फादर बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

माझंही एक होय आहे,
रेड चर्चमधलं, सव्वीस वर्षांपूर्वीचं.
संध्याकाळी कुकर लावताना
उलटसुलट करून पाहिलं.
कुणाकडे तोंड करून म्हटलं होतं मी?
आठवतं ते एवढंच: निशिगंधानं मला शिंका येत होत्या,
आणि त्या थांबेपर्यंत इग्नेशसनं हात सोडला नाही.
पुरेल. बहुतेक पुरेल.

अकरा महिन्यांनी निकाल.
रेजिना कागद घ्यायला आली,
वाचून झाल्यावर विचारलं, "मग माझी मुलगी?"
फादर म्हणाले, तुमची दोघांची. रीतसर.
तिच्या नावाला कसलाही धक्का नाही.
बाहेर व्हरांड्यात ती सात वर्षांची
आजोबांच्या पुड्यातली शेव
खारीला टाकत होती, आणि खार
तिखटाला भिऊन लांबूनच बघत होती.

शेवटचं पत्र मी पॅरिशला पाठवते.
नोंदवहीतली ओळ खोडू नये.
तारीख, साक्षीदार, सह्या, असू द्यावं सगळं.
फक्त समासात लिहावं,
निकालाचा क्रमांक आणि दिनांक,
बाप्तिस्म्याच्या पानावरही.
जुन्या वह्यांचे समास अरुंद असतात.
मग क्लार्क वही आडवी धरतो
आणि खालून वर लिहीत जातो.